लिंक स्टीलच्या की अ‍ॅल्युमिनियमच्या? ऑफ-रोड गाडी असणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

गाडी उंच करणाऱ्या लिफ्ट किटची चौकशी करताना बरेच ग्राहक विचारतात, "अ‍ॅल्युमिनियम हलकं आहे, मग तेच टाकू या ना?" काही ठिकाणी आम्ही लगेच हो म्हणतो, काही ठिकाणी ठामपणे नको म्हणतो. असं का, ते या पत्रकात सांगितलं आहे. पैसे खर्च करण्याआधी वाचा.

जिम्नीच्या पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलला, तसंच २०२० नंतरच्या थारच्या मागच्या अ‍ॅक्सलला जागेवर धरून ठेवण्याचं काम लिंक करतात. अ‍ॅक्सलच्या बाजूचं त्यांचं टोक जमिनीच्या जवळ असतं, त्यामुळे दगडावर गाडी टेकली की मार बऱ्याचदा खालच्या लिंकला बसतो. मागे पाटे असलेल्या जुन्या जीपला या लिंक नसतात. त्या मालकांनी थेट शॉकअपचा भाग वाचला तरी चालेल.

आधी वजनाचं बघू. एक घन सेंटिमीटर स्टील ७.८५ ग्रॅम भरतं, अ‍ॅल्युमिनियम साधारण २.७ ग्रॅम. म्हणजे लिंक एक तृतीयांश वजनाची होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा ताठपणाही स्टीलच्या एक तृतीयांशच असतो, म्हणून भाग जाड करावा लागतो. ५० मिमी व्यासाचा, ६ मिमी जाडीचा स्टीलचा पाइप मीटरला सुमारे साडेसहा किलो भरतो. त्याच व्यासाचा ७०७५ अ‍ॅल्युमिनियमचा (हा एक मजबूत ग्रेड) भरीव रॉड साडेपाच किलो. मीटरमागे एक किलो वाचला. तेवढ्यासाठी कोणी दुप्पट पैसे मोजू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग दगडांवर गाडी चढवणारे हौशी लोक ७०७५ च्या लिंक का घेतात? लवचीकपणासाठी. वरच्याच उदाहरणात, सारख्याच माराने तो भरीव रॉड स्टीलच्या पाइपच्या जवळजवळ दुप्पट वाकतो, पण कायमचा वाकायला त्याला साध्या स्टीलच्या पाइपपेक्षा दुपटीहून जास्त जोर लागतो. गाडीचा भार दगडावर आला की रॉड धनुष्यासारखा लवतो आणि भार गेला की सरळ होतो. अशा वेळी पाइपला बाक येऊन बसतो आणि अ‍ॅक्सल तिरका होतो. वाहत्या ओढ्यातल्या गोट्यांवर, कातळावर वारंवार गाडी घालत असाल, तर ७०७५ चा भरीव रॉड नक्की घ्या.

मात्र ग्रेड विचारल्याशिवाय घेऊ नका. ६०६१ हा अ‍ॅल्युमिनियमचा दुसरा ग्रेड. टी६ म्हणजे उष्णता देऊन कडक केलेला. ६०६१-टी६ ची ताकद ७०७५-टी६ च्या जेमतेम अर्ध्याहून थोडी जास्त आहे. पॉलिश केलेले दोन्ही रॉड दिसायला सारखेच. आमच्याकडे बिलावर ग्रेड लिहिलेला असतो. दुसरीकडून घेतलात तरी लिहून मागा.

आता दूरच्या प्रवासाचा मुद्दा. स्पिती, लडाख किंवा घाटमाथ्यावरच्या आडवाटेला बाक आलेली स्टीलची लिंक जॅक लावून बरीचशी सरळ करता येते, तुटली तर गावातल्या साध्या आर्क वेल्डिंगवर जोडून घरापर्यंत येता येतं. ७०७५ नेहमीच्या वेल्डिंगने जोडता येत नाही, सांध्यापाशी तडे जातात. ६०६१ जोडता येतं, पण आचेमुळे सांध्याजवळची ताकद निम्म्याजवळ येते. शिवाय ठरावीक मर्यादेखालचा, पुन्हा पुन्हा येणारा ताण स्टील कितीही काळ सोसतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, छोट्या ताणाचा परिणामही साठत जातो. म्हणून ओझं घेऊन हजारो किलोमीटर खडबडीत रस्त्याने जाणाऱ्यांना आम्ही जाड पाइपच्या स्टील लिंकच देतो. अ‍ॅल्युमिनियमच्या लिंकवर दगडाची खोल चीर पडली असेल तर गाडी तशीच पुढे वापरू नका, तडा तिथूनच सुरू होतो. आणून दाखवा. चीर किरकोळ असेल तर घासून गुळगुळीत करतो आणि तडा दाखवणारा लाल डाय (रंग) लावून तपासतो.

कोकणातल्या ग्राहकांसाठी एक सूचना. खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना टेकून राहिले की झीज अ‍ॅल्युमिनियमची होते. लिंकच्या टोकाला स्टीलचा जॉइंट आट्यांमध्ये बसलेला असतो, तिथे पांढरी भुकटी धरते आणि काही काळाने आटे जाम होतात. पुळणीवर गाडी नेली की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. बसवताना आट्यांना अँटी-सीझ ग्रीस आम्ही लावतोच. स्टीललाही गंज चढतो, पण तो दिसतो आणि रंगाने थांबवता येतो.

शॉकअपच्या बाबतीत मात्र अ‍ॅल्युमिनियम बॉडीच्या बाजूने आम्ही मनापासून आहोत. खडबडीत रस्त्यावर तेल तापून पातळ होतं आणि शॉकअप ढिला पडतो. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता स्टीलपेक्षा साधारण तिप्पट सहजतेने वाहते, त्यामुळे ती बाहेर पडायला मदत होते. अट एकच: मोनोट्यूब (एकाच नळीच्या) शॉकअपच्या बॉडीला दगडाने पोचा आला तर आतला पिस्टन अडकतो, म्हणून दगड लागेल अशा जागी गार्ड हवाच.

रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळले जातात, त्यामुळे गाडी थोडा जास्त वेळ आमच्याकडे राहते. ५०० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासून घ्यायला या आणि अलाइनमेंट करून घ्या. मूळ गाडीत फेरफार करताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं, म्हणून काम ठरवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारणा करा. येताना आरसी बुक, टायरचा साइज आणि गाडीत नेहमी किती सामान भरता याचा अंदाज घेऊन या. स्प्रिंग त्यावरूनच निवडतो.