स्टिअरिंग मुकं का झालं?

"नव्या गाडीत ती मजा राहिली नाही." स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की दहा मिनिटांच्या आत कुणीतरी हे वाक्य टाकतंच. १९९७ साली पोर्शे ९११ची नवी पिढी हवेऐवजी पाण्याने थंड होणारं इंजिन घेऊन आली, तेव्हा तिचा आत्मा गेल्याची हाकाटी झाली. २०११ साली त्याच गाडीत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, म्हणजे चाक वळवायला विजेच्या मोटरची मदत, आलं, तेव्हा आत्मा दुसऱ्यांदा गेला. गाडी मात्र अजून ठणठणीत आहे.

मला या "आत्मा" शब्दाचा भारी राग आहे. यंत्राला आत्मा नसतो. यंत्रात बलं असतात, कंपनं असतात, आणि ती माणसाच्या त्वचेपर्यंत पोचतात किंवा पोचत नाहीत. पण म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. ती मी स्वतः अनुभवली आहे.

एका मित्राने एकाच दुपारी दोन गाड्या चालवायला दिल्या. एक नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, दोन आसनांची, पॉवर स्टिअरिंग नसलेली. दुसरी हल्लीची, तिच्यापेक्षा किती तरी ताकदवान. जुनीत बसून जागच्या जागी स्टिअरिंग फिरवताना खांदे भरून आले. पण नुकत्याच पडून गेलेल्या पावसाने ओल्या झालेल्या एका वळणावर, आतापर्यंत हाताला घट्ट ओढणारं ते चाक अचानक सैल पडलं, जणू कुणीतरी पलीकडून हात काढून घेतला. विचार करायच्या आत माझा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला होता. नव्या गाडीने तेच वळण मी जास्त वेगात घेतलं. हाताला काही म्हणजे काही कळलं नाही. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा दोनदा लुकलुकला, एवढंच. गाडीने परस्पर ब्रेक लावून मला सावरलं होतं.

ते सैल पडणं काय होतं, हे सांगण्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला आहे. बाकीचं तोंडी लावायला.

कपड्यांचा ब्रश घ्या, केस खाली करून टेबलावर दाबा आणि हळूच बाजूला सरकवा. आधी ब्रश सरकत नाही, केस वाकतात. वाकलेले केस ब्रशच्या लाकडाला उलट्या दिशेने ढकलतात. जास्त ओढलं की केसांची टोकं सुटतात आणि ब्रश घसरतो. टायरचं रबर अगदी असंच वागतं. टायर रस्त्याला जिथे टेकतो तो ठसा साधारण तळहाताएवढा असतो, आणि त्या ठशात रबराचे असंख्य "केस" आहेत असं समजा.

आता गाडी वळते आहे. चाकाचं तोंड एका दिशेला आणि चाक प्रत्यक्षात जातंय त्यापेक्षा किंचित वेगळ्या दिशेला. या दोन दिशांमधल्या फरकाला घसरकोन म्हणू. नाव फसवं आहे, कारण तीन-चार अंशांच्या घसरकोनात टायर बहुतांशी चिकटलेलाच असतो. चाक फिरताना रबराचा एक केस ठशाच्या पुढच्या टोकाला रस्त्याला टेकतो. टेकतो तेव्हा तो सरळ असतो. चाक पुढे जातं तसा तो ठशात मागे मागे येतो आणि जितका मागे येतो तितका जास्त वाकतो. मागच्या टोकाशी पोचल्यावर त्याच्यावरचा भार कमी होतो आणि तो टपकन सुटून परत सरळ होतो. याचा अर्थ, टायरला बाजूला ढकलणारं बल ठशाभर सारखं वाटलेलं नसतं. ते मागच्या अर्ध्यात गोळा होतं. बेरजेचं बल ठशाच्या मध्यापासून एक-दोन सेंटिमीटर मागे लागू होतं. या अंतराला न्यूमॅटिक ट्रेल म्हणतात.

शाळेत बलाचं आघूर्ण शिकलो होतो: बल गुणिले अंतर. इथे बल आहे टायरची बाजूची पकड आणि अंतर आहे हे सेंटिमीटरभर. त्यांचा गुणाकार चाकाला पुन्हा सरळ करू पाहतो आणि स्टिअरिंगमधून हाताला ओढ म्हणून जाणवतो. वळणातून बाहेर येताना हात ढिला सोडला की स्टिअरिंग आपोआप सरळ होतं, त्यातला मोठा वाटा याचाच.

खरी गंमत पुढे आहे. घसरकोन वाढवत नेला की ठशातले सगळ्यात मागचे केस आधी घसरू लागतात, कारण तेच सर्वात जास्त वाकलेले असतात आणि भारही तिथे कमी असतो. घसरणारा भाग मागून पुढे सरकत येतो. टायरची एकूण पकड अजून वाढतेच आहे, पण तिचा केंद्रबिंदू पुढे, ठशाच्या मध्याकडे सरकतो आहे. अंतर कमी होतं आहे. बल वाढतंय, अंतर घटतंय. म्हणून गुणाकार आधी वाढतो, शिखर गाठतो आणि मग पडायला लागतो, आणि हे सगळं टायर पूर्ण सुटण्याच्या बरंच आधी होतं. ब्रशच्या सोप्या गणितात (ठशावरचा दाब परवलयासारखा धरला तर) हे शिखर टायर पूर्ण घसरतो त्या कोनाच्या फक्त पाव भागावर येतं. त्या क्षणी उपलब्ध पकडीपैकी सुमारे ५८ टक्केच वापरात असते. ज्यांना कलनशास्त्र येतं त्यांनी क्ष गुणिले (१ − क्ष)चा घन याचं महत्तम काढून पाहावं (क्ष म्हणजे घसरकोन हा पूर्ण घसरण्याच्या कोनाचा कितवा भाग आहे ते). क्ष बरोबर पाव येतो. बाकीच्यांनी एवढंच लक्षात ठेवलं तरी चालेल: हाताला लागणारी ओढ सैल पडते तेव्हा टायरकडे अजून पकड शिल्लक असते. रस्ता ओला असला की हे आणखी लवकर घडतं, कारण घर्षण कमी असल्याने केस लवकर सुटतात. त्या ओल्या वळणावर मला मिळालेला निरोप हा होता.

प्रत्यक्षात यात स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोनही भर घालतो. त्याची ओढ शिखर-बिखर न येता पकडीबरोबर वाढत जाते. तो कोन फार ठेवला तर टायरची कुजबुज तिच्याखाली दबते. गाडी गाडीत फरक पडतो तो इथूनही.

लोक सगळं खापर इलेक्ट्रिक मोटरवर फोडतात. माझ्या मते त्याआधी टायरची झडती घ्यायला हवी. पहिल्या ९११ला १६५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते आणि गाडीचं वजन साधारण १,०८० किलो. आजच्या साध्या ९११चे पुढचे टायर २३५ मिलिमीटरचे आणि वजन सुमारे १,५०० किलो. आता हिशेब करा. ठशाचं क्षेत्रफळ ढोबळमानाने चाकावरचा भार भागिले हवेचा दाब. भार आणि दाब तेच ठेवून टायर रुंद केला तर क्षेत्रफळ तेवढंच राहतं, म्हणजे ठसा आखूड आणि आडवा होतो. चाकावर ३०० किलो भार आणि २.२ बार दाब धरला तर क्षेत्रफळ येतं सुमारे १३५ चौरस सेंटिमीटर. ठसा १३ सेंटिमीटर रुंद असेल तर लांबी दहाच्या वर. २० सेंटिमीटर रुंद असेल तर लांबी सातच्याही आत. ब्रशच्या गणितात न्यूमॅटिक ट्रेल ठशाच्या लांबीच्या एक षष्ठांश असतो. म्हणजे रुंद टायरने पकड वाढवली आणि ज्या दांड्याने ती पकड हाताशी बोलायची, तो दांडाच आखूड केला. शिवाय रुंद टायर रस्त्यावरच्या चरांमध्ये आणि उंचवट्यांवर इकडेतिकडे ओढला जातो. निरोप बारीक झाला आणि गोंगाट वाढला. मग गोंगाट दाबायला इंजिनिअरने गाळणी लावली, आणि गाळणीला निरोप आणि गोंगाट यांतला फरक फारसा कळत नाही.

आता मोटर. जुन्या हायड्रॉलिक व्यवस्थेत स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक पोलादी सळई असते. तुम्ही चाक फिरवता तेव्हा ती किंचित पिळली जाते, त्या पिळाने झडप उघडते आणि तेलाचा दाब मदतीला येतो. हल्लीच्या इलेक्ट्रिक व्यवस्थेतही ती सळई आहेच. फक्त तिचा पीळ सेन्सर मोजतो आणि मदत मोटर करते. फरक पडतो मोटरच्या जडत्वाने. मोटर गिअरमधून जोडलेली असते. समजा ती स्टिअरिंगच्या वीसपट वेगाने फिरते, तर तिचं जडत्व हाताला वीसपट नाही, चारशेपट होऊन जाणवतं, कारण गिअरचं गुणोत्तर इथे वर्गात येतं. स्टिअरिंगच्या मागे दुसरं अदृश्य चाक बसवल्यासारखं. सावकाश बदल त्यातून येतात, झटपट येणारे बारीक बदल अडतात. आपल्या बोटांच्या त्वचेतली काही ग्राहकं दर सेकंदाला काही दहा कंपनांना आणि काही दोन-तीनशे कंपनांना सर्वात तल्लख असतात. नेमकं त्या पट्ट्यातलं पुष्कळसं वाटेतच विरतं. सॉफ्टवेअरने हे जडत्व बरंचसं भरून काढता येतं, पण सुरुवातीच्या गाड्यांत ते नीट जमलेलं नव्हतं आणि बदनामी तेव्हाची आहे.

मोटर आली त्याला कारण होतं. हायड्रॉलिक पंप इंजिनाच्या पट्ट्यावर सतत फिरतो, स्टिअरिंग सरळ असो वा वळलेलं. मोटर लागेल तेव्हाच वीज खाते. इंधन वाचतं. गाडीने स्वतः लेन सांभाळायची किंवा स्वतः पार्क व्हायचं तर स्टिअरिंग फिरवणारी मोटर हवीच. सुझुकीने १९८८ साली सर्वो या छोट्या गाडीत ती आणली. फेरारीने २०१७ सालच्या ८१२ सुपरफास्टपर्यंत कळ काढली. मॅकलॅरेनने हायड्रॉलिक तेल सोडलं नाही म्हणून तिचं फार कौतुक झालं, आणि त्यातलं निम्मं रास्त होतं.

इथे "स्पोर्ट" बटणाची एक गंमत सांगायलाच हवी. बटण दाबलं की स्टिअरिंग जड होतं आणि जाहिरात सांगते की आता गाडी तुमच्याशी बोलेल. एकोणिसाव्या शतकात जर्मन शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी दाखवलं की माणसाला बदल जाणवतो तो मुळातल्या प्रमाणाच्या हिशेबात. हाताला तीन एककांची ओढ असताना ती ०.४ने कमी झाली तर तो १३ टक्क्यांचा फरक, कळण्याजोगा. आता बटणाने सरसकट दोन एककं वरून चढवली. ओढ पाच, फरक तोच ०.४, म्हणजे ८ टक्के. बदल जाणवण्याची सीमा अंदाजे दहा टक्क्यांपाशी धरली तर बटणाने निरोप पुसून टाकला! जड आणि बोलकं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गाडी विकणाऱ्यांना कुणी सांगायचं?

आवाजाबद्दल थोडक्यात. टर्बो एक्झॉस्टमधली ऊर्जा खातो, त्यामुळे स्फोटांचा आवाज बोथट होतो. २०१८च्या सुमारास युरोपात पेट्रोल गाड्यांनाही काजळी अडवणारे फिल्टर लागले आणि आवाज आणखी खाली गेला. मग काही कंपन्यांनी इंजिनाचा आवाज चक्क स्पीकरमधून ऐकवायला सुरुवात केली. बीएमडब्ल्यूची २०११ सालची एम५ त्यातली गाजलेली. मला हे नकली दागिन्यासारखं वाटतं, पण कानाला गोड लागत असेल तर लागो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी स्मरणरंजनाच्या दुकानात बसलो असं होईल. ज्याला आपण जुन्या गाडीचं व्यक्तिमत्त्व म्हणतो, त्यातला मोठा भाग दोष होता. इंजिन मागे असलेली पहिली ९११ वळणात ॲक्सिलरेटर सोडला की शेपूट फिरवायची. पोर्शेने सुरुवातीच्या काही गाड्यांच्या पुढच्या बंपरमध्ये चक्क वजनं बसवली, आणि १९६९च्या मॉडेलला पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ५७ मिलिमीटरने वाढवलं. म्हणजे गाडीला माणसाळवायचं काम गाडी जन्मली तेव्हापासून चालू आहे. त्या काळच्या चालकांनीही "आता ती मजा नाही" म्हटलं असणार.

आणि पकड वाढण्याची स्वतःची एक किंमत असते. ५० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. टायर गुरुत्वाच्या ०.८ पट बाजूचं त्वरण पेलत असेल तर कमाल वेग येतो ताशी ७१ किलोमीटर. १.१ पट पेलत असेल तर ८४. फक्त तेरा किलोमीटरचा फरक, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने जाते, म्हणून ती साडेसदतीस टक्क्यांनी जास्त. जुनी गाडी ज्या वेगात कुजबुजायला लागायची त्या वेगात नवी अजून झोपलेली असते. ती जागी होईपर्यंत सार्वजनिक रस्त्याला शोभणारा वेग तुम्ही ओलांडलेला असतो. मुकेपणातला बराचसा भाग हाच आहे, आणि त्यावर कुठलंही सॉफ्टवेअर चालत नाही. अरुंद टायर आणि कमी वजन चालतं. माझदाने २०१५च्या एमएक्स-५मध्ये इलेक्ट्रिक स्टिअरिंग बसवलं, पण गाडी आधीच्या पिढीपेक्षा हलकी केली, आणि ती मुकी आहे असं फारसं कुणी म्हणत नाही.

पुढची पायरी आधीच आली आहे. इन्फिनिटीच्या क्यू५०मध्ये २०१३ सालीच स्टिअरिंग आणि चाकं यांच्यातला यांत्रिक दुवा एरवी सुटलेला असायचा. संगणक बिघडला तरच क्लच तो जोडणार. अशा गाडीत हाताला लागणारी ओढ कुणीतरी बसून ठरवलेली असते. खड्डा किती कळू द्यायचा, पकड सुटत आल्याचं किती आधी सांगायचं, हे आकडे असतात, आणि ते बदलता येतात. ज्याला ब्रशचं गणित येतं तो इंजिनिअर हवं तर ठशातली कुजबुज मोजून मोठी करून हातापर्यंत पोचवू शकतो.

काही जण त्याच्याही पुढे गेले आहेत. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन या विजेवरच्या गाडीत गिअर नाहीत, पण एक पद्धत निवडली की ती आठ गिअर असल्याचं सोंग करते. गिअर वेळेवर बदलला नाही तर नसलेल्या इंजिनाचे नसलेले फेरे कमाल मर्यादेला जाऊन धडकतात आणि गाडी जुन्या पेट्रोल गाडीसारखी अडखळते. ते धक्के घालवायला आधीच्या पिढ्यांनी केवढा घाम गाळला होता, आणि ते परत आणायला आता वेगळी माणसं पगारावर आहेत.