नंबर मॅचिंगचा घोळ: मसल कार 'फॅक्टरी करेक्ट' करण्यामागची पार्श्वभूमी

१९६४ चा पाँटियाक जीटीओ, मग डेट्रॉइटवाल्यांची इंजिनाच्या आकाराची, म्हणजे क्युबिक इंचांची चढाओढ, इन्शुरन्सचे वाढलेले हप्ते, १९७३ चं तेलसंकट, हे सगळं वाचणाऱ्यांना पाठ असेल म्हणून सोडून देतो. विषय त्यानंतरचा आहे. या मसल कार, म्हणजे दांडगं इंजिन बसवलेल्या अमेरिकन गाड्या, कारखान्यातून जशा निघाल्या अगदी तशाच परत करायचं वेड कधी लागलं आणि त्यात इंजिनावरच्या पाच-सात अक्षरांना एवढा भाव कसा आला. उदाहरणाला १९६९ ची शेवरले कॅमेरो झेड-२८, म्हणजे साध्या कॅमेरोचं जोरकस रूप, घेतो, घोळ समजून घ्यायला तिच्याइतकी सोयीची गाडी नाही.

सत्तरच्या दशकात ही नुसती सेकंडहँड गाडी होती. पोरं स्वस्तात घ्यायची, ड्रॅग रेस मारायची, इंजिन फुटलं की भंगारातून दुसरं आणून बसवायची आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. झेड-२८ वर धूर कमी करायला एक हवेचा पंप यायचा, पट्ट्यावर फिरणारा, तो तर कित्येकांनी गाडी घरी आल्या आल्या काढून कोपऱ्यात फेकला. आज तोच पंप, त्याच्या नळ्या आणि ब्रॅकेट मिळवायला लोक अमेरिकाभर हिंडतात आणि तोंडाला येईल ती किंमत देतात.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पहिल्यांदा भाव भडकले. तरुणपणी जी गाडी परवडली नव्हती ती घ्यायला तेव्हाच्या पोरांच्या हातात आता पैसा आला होता. नव्वदच्या सुरुवातीला फुगा बसला, मग २००० नंतर टीव्हीवरच्या लिलावांनी परत हवा भरली, २००८ च्या मंदीत परत बसला. तरी वरच्या टोकाच्या गाड्या चढतच गेल्या, २०१४ मध्ये १९७१ ची एक प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरला गेली. एवढा पैसा आला की पुरावा मागणं आलंच, आणि पुरावा म्हटलं की नंबर. 'नंबर मॅचिंग', म्हणजे इंजिनावरचे नंबर गाडीशी जुळणं, हा शब्द तेव्हापासून प्रत्येक जाहिरातीत आहे आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे.

कॅमेरोचा प्रॉब्लेम असा की तिचा चेसिस नंबर, म्हणजे व्हिन, फारसं काही सांगत नाही. आठ सिलिंडरची कूपे आहे, १९६९ ची आहे, ओहायोतल्या नॉरवुडला बनली की लॉस एंजेलिसला, आणि मग अनुक्रमांक. बस. झेड-२८ आहे की साधी, ते त्यात नाही. क्रायसलरच्या तेव्हाच्या गाड्यांत हे दुखणं नाही, व्हिनच्या पाचव्या जागी इंजिनाचं अक्षर असतं, १९७०-७१ च्या गाडीत आर दिसला की ४२६ क्युबिक इंचाचं हेमी इंजिन. शेवरलेबाबतीत कॅनडात विकलेल्या गाड्यांच्या नोंदी आजही मिळतात, अमेरिकेत विकलेल्यांच्या मिळत नाहीत, हा तर शुद्ध नशिबाचा भाग. नॉरवुडवाल्यांनी डिसेंबर १९६८ पासून बॉडीवरच्या पत्र्याच्या टॅगवर एक्स३३, एक्स७७ असे कोड मारले, त्यावरून झेड-२८ कळते, पण त्याआधीच्या गाड्यांना ते नाहीत आणि लॉस एंजेलिसच्या गाड्यांना तर नाहीतच. मग उरतं काय, सीटच्या स्प्रिंगमध्ये किंवा पेट्रोलच्या टाकीवर अडकलेला बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं त्याचा कारखान्यातला कागद) सापडला तर तो, वॉरंटीची धातूची पट्टी जपली असेल तर ती, आणि इंजिन.

इंजिनाच्या पुढच्या बाजूला, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे, एक छोटी सपाट जागा असते, तिला पॅड म्हणतात. तिथे उदाहरणार्थ व्ही०३१४डीझेड असा शिक्का असतो. व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०३१४ म्हणजे १४ मार्च, डीझेड म्हणजे १९६९ च्या झेड-२८ चं ३०२ क्युबिक इंचाचं इंजिन. शिवाय ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, ओतला तेव्हाची तारीख मागच्या कडेला उठावात असते, ती जोडणीच्या आधीची पाहिजे, आणि १९६८ पासून गाडीच्या व्हिनचा तुकडाही इंजिनावर मारायला लागले. आपल्याकडे आरटीओच्या कामाला चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासतात ना, तसंच इथे गिऱ्हाईक गुडघ्यावर बसून पॅडवर टॉर्च मारतं.

आता 'मॅचिंग' कशाला म्हणायचं? कडक मंडळी म्हणतात इंजिन आणि गिअरबॉक्सवरचा व्हिनचा तुकडा गाडीशी जुळला पाहिजे, नाहीतर विषय संपला. दुसरे म्हणतात कोड आणि तारखा बरोबर असल्या की झालं. पण याला प्रामाणिकपणे 'डेट करेक्ट' म्हणावं, मॅचिंग कशाला. आणि १९६८ च्या आधीच्या बहुतेक शेवरलेंवर (शेवरलेचीच स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट सोडून) इंजिनाला व्हिन नसायचाच, तिथे कडक व्याख्या लावायची तरी कुठे? सगळ्यात अन्याय होतो तो सीई शिक्क्याच्या ब्लॉकवर. वॉरंटीत इंजिन बदललं की कंपनी सीईने सुरू होणारा नंबर मारलेला ब्लॉक द्यायची. समजा १९७० साली डीलरने कंपनीच्याच खर्चाने तो बसवला आणि गाडी पन्नास वर्षं त्याच इंजिनावर फिरली. बाजार तिला नॉन-मॅचिंग म्हणून भाव पाडतो आणि शेजारी काल शिक्का मारलेली गाडी मिरवते.

शिक्का मारणं, म्हणजे पॅडवर नंबर नव्याने ठोकणं, हा यातला खरा वादाचा मुद्दा. ब्लॉक जुना झाला की मशीन शॉपवाला वरचा पृष्ठभाग घासून सरळ करतो, आणि शेवरलेत पॅड त्याच पातळीत असतो, त्यामुळे सगळं नीट करणाऱ्याचाही नंबर एका फेरीत साफ होतो. असा मालक म्हणतो, इंजिन माझंच आहे, नंबर मला माहीत आहे, तोच परत मारला तर बिघडलं कुठे? इथपर्यंत मीही समजू शकतो. पण कंपनीने तो पृष्ठभाग ब्रोचिंगने, म्हणजे दातेरी हत्यार सरळ ओढून, कापलेला असतो, त्याचे पुढून मागे जाणारे बारीक सरळ ओरखडे असतात, म्हणजे नुसता नंबर मारून भागत नाही, ओरखडेही पाडावे लागतात, आणि ओरखडे मुद्दाम पाडायला बसलात की तुम्ही दुरुस्ती करत नाही, समोरच्याला फसवायची तयारी करताय. शिवाय हे सोपंही आहे. १९६९ च्या ३०२ ला वापरलेल्या कास्टिंगपैकी (ब्लॉकच्या ओतीव नमुन्यांपैकी) एक ३९७००१०, ती पुढे बरीच वर्षं साध्या ३५० इंजिनांत, ट्रकमध्येसुद्धा गेली. बोअर (सिलिंडरचा व्यास) तोच, ३०२ मध्ये क्रँकचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) तेवढा कमी. तारीख बरी असलेला ब्लॉक शोधा, पॅड घासा, डीझेड मारा. १९६९ च्या झेड-२८ बनल्या २०,३०२, आणि जाहिराती बघितल्या तर त्यातली एकही मोडीत गेली नसावी असं वाटतं.

कॉर्व्हेटवाल्यांनी प्रदर्शनातल्या गाड्यांच्या परीक्षणाचे नियम सत्तरच्या दशकातच बांधायला घेतले होते, मसल कारवाले बरंचसं त्यांच्याकडून शिकले. त्यांच्या एका मोठ्या क्लबने भूमिका घेतली की परीक्षक शिक्का कारखान्यासारखा दिसतो का एवढंच बघणार, खरा आहे का ते ठरवणार नाही. परीक्षकाच्या दृष्टीने ठीक आहे, त्याला कोर्टकचेरी नको. पण त्यामुळे चांगला शिक्का मारणाऱ्याला चांगले मार्क मिळायला लागले, हे मान्य करायला कुणी तयार नाही.

रंगाचं प्रकरण त्यामानाने सरळ. आधी लोक आरशासारखा रंग मारायचे, बूड सुद्धा चकाचक. नंतर लक्षात आलं की कारखान्यातून गाडी अशी कधी निघालीच नव्हती, लॅकरला ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) असायची, फायरवॉलचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याचा) काळा रंग इकडेतिकडे उडालेला असायचा, तपासणी करणाऱ्यांच्या क्रेयॉनच्या खुणा तशाच राहायच्या. मग त्या खुणा, ते उडालेले डाग, सगळं मुद्दाम परत करायला लागले, आणि जास्त चकचकीत केलं की मार्क कापायला लागले. आता तर हातच न लावलेल्या गाडीला, रंग उडालेल्या, सीट फाटलेल्या, रिस्टोअर केलेल्या गाडीपेक्षा जास्त मान आहे.

कायद्याने यात फारसं लक्ष घातलं नाही, घातलं तेव्हा भलत्यावर घातलं. कॅन्ससमध्ये १९५९ ची एक कॉर्व्हेट २०१७ मध्ये जप्त झाली, कारण रिस्टोरेशनच्या वेळी व्हिनची पट्टी काढून परत बसवलेली होती आणि रिव्हेट बदललेले होते. घेणाऱ्याचा काही दोष नव्हता. तिथला कायदा बदलायला २०२२ उजाडलं.

इंजिन उघडणारे शहाणे लोक हल्ली आधी पॅडचे जवळून फोटो काढतात, पुसून, कोरडा करून, दोन-तीन बाजूंनी उजेड टाकून, म्हणजे ओरखडे दिसतात. मग मशीन शॉपवाल्याला बजावतात की हेड बसतं तेवढीच जागा घास, पॅडच्या आधी थांब. थोडं कटकटीचं काम आहे, काही जण जास्तीचे पैसे मागतात, काही सरळ नाही म्हणतात. नाही म्हणणाऱ्याकडे ब्लॉक टाकू नये.