अमेरिकेतील हिमॅटॉलॉजी-ऑन्कॉलॉजी फेलोशिप: पात्रता, कागदपत्रे आणि मुलाखतींनंतरची रँक लिस्ट

भारतात एमडी झाल्यावर मेडिकल ऑन्कॉलॉजीच्या, म्हणजे औषधांनी करायच्या कर्करोगोपचारांच्या, डीएम या अतिविशेष पदवीसाठी नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिच्यात क्रमांक लागतो आणि चॉईस फिलिंगमध्ये त्या क्रमांकाच्या जोरावर जागा मिळते. अमेरिकेत याच टप्प्यावरच्या प्रशिक्षणाला फेलोशिप म्हणतात आणि तिच्यासाठी सर्वांना लागू होईल असा गुणवत्ता क्रमांकच नसतो. तिथे उमेदवार मुलाखत झालेल्या प्रोग्राम्सना, म्हणजे रुग्णालयांतील प्रशिक्षणक्रमांना, आपल्या पसंतीने क्रम देतो, प्रत्येक प्रोग्राम मुलाखत घेतलेल्या उमेदवारांना स्वतःच्या पसंतीने क्रम देतो आणि या दोन्ही याद्या संगणकावर जुळवून जागा ठरवल्या जातात. या जुळवणीला मॅच म्हणतात आणि ती नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्राम, म्हणजे एनआरएमपी, ही संस्था चालवते. महाराष्ट्रातून एमबीबीएस करून अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले पदव्युत्तर प्रशिक्षण, करणाऱ्या आणि पुढे कर्करोगाच्या उपचारांत जाऊ इच्छिणाऱ्या डॉक्टरांसाठी ही प्रक्रिया येथे मांडली आहे.

पात्रता

प्रौढ रुग्णांच्या औषधोपचारांशी संबंधित ऑन्कॉलॉजीचा मार्ग इंटर्नल मेडिसिनमधून जातो. वैद्यकीय प्रशिक्षणक्रमांना मान्यता देणाऱ्या एसीजीएमई या संस्थेची मान्यता असलेली तीन वर्षांची रेसिडेन्सी ही फेलोशिप सुरू होण्यापूर्वी पूर्ण व्हावी लागते. बहुसंख्य उमेदवार हिमॅटॉलॉजी (रक्ताचे विकार) आणि मेडिकल ऑन्कॉलॉजी अशी एकत्रित तीन वर्षांची फेलोशिप निवडतात, कारण तिच्यानंतर दोन्ही विषयांच्या बोर्ड परीक्षा देता येतात. यांपैकी एकाच विषयाची फेलोशिप दोन वर्षांची असते. रेडिएशन ऑन्कॉलॉजी ही स्वतंत्र रेसिडेन्सी आहे. बालकर्करोग, स्त्रीरोग-कर्करोग आणि कर्करोग शस्त्रक्रिया यांच्या वाटा अनुक्रमे पेडियाट्रिक्स, स्त्रीरोग-प्रसूती आणि सर्जरी या रेसिडेन्सींमधून निघतात, म्हणून त्यांचा विचार येथे केलेला नाही.

साधारणपणे रेसिडेन्सीचे तिसरे वर्ष सुरू होताना, जुलै महिन्यात, अर्ज केला जातो. चीफ रेसिडेंट, म्हणजे रेसिडेंटांचा प्रमुख, म्हणून आणखी एक वर्ष राहणारे आणि रेसिडेन्सीनंतर हॉस्पिटलिस्ट, म्हणजे दाखल रुग्ण पाहणारे डॉक्टर, म्हणून काम करणारे डॉक्टरही अर्ज करू शकतात. अमेरिकेबाहेरून एमबीबीएस केलेल्यांकडे ईसीएफएमजी, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांची पात्रता तपासणाऱ्या संस्थेचे, प्रमाणपत्र असावे लागते. ते रेसिडेन्सीच्या वेळीच मिळालेले असल्याने इथे सहसा अडचण येत नाही.

अर्ज आणि कागदपत्रे

अर्ज ईरास या ऑनलाइन प्रणालीतून होतो. परदेशी पदवीधरांना त्यासाठी लागणारा टोकन क्रमांक ईएफडीओ या कार्यालयाकडून मिळतो आणि वैद्यकीय महाविद्यालयाची कागदपत्रेही त्याच कार्यालयामार्फत प्रोग्राम्सकडे जातात. अर्जाच्या एकूण कागदपत्रांत एमबीबीएसची गुणपत्रिका, डीनचे पत्र म्हणून ओळखले जाणारे एमएसपीई, यूएसएमएलई या अमेरिकी परवाना परीक्षेचे अधिकृत गुणपत्रक, ईसीएफएमजीचा स्थितिदर्शक अहवाल आणि छायाचित्र यांचा समावेश असतो. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पदवीधरांनी विद्यापीठाचे आणि महाविद्यालयाचे कागद रेसिडेन्सीच्या अर्जासाठी आणवलेले असतातच. ते स्पष्ट वाचता येतात का आणि सर्वांवर नाव एकसारखे आहे का, हे जूनपूर्वी तपासून घेतले म्हणजे ऐन वेळी विद्यापीठाच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करण्याची वेळ येत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टरांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

शिफारसपत्रे प्रत्येक प्रोग्रामला जास्तीत जास्त चार पाठवता येतात. त्यांतले एक आपल्या रेसिडेन्सीच्या प्रोग्राम डायरेक्टरचे असावे, अशी अपेक्षा असते. पत्र लिहिणारे ते थेट प्रणालीत अपलोड करतात आणि उमेदवाराने ते पाहण्याचा हक्क सोडलेला असेल, तरच त्या पत्राला वजन मिळते. ज्यांनी आपल्याबरोबर कर्करोग विभागात प्रत्यक्ष काम केले आहे, अशा डॉक्टरांचे तपशीलवार पत्र हे केवळ नाव माहीत असलेल्या मोठ्या प्राध्यापकांच्या दहा ओळींपेक्षा अधिक उपयोगी पडते. वैयक्तिक निवेदन एका पानाचे पुरे. ऑन्कॉलॉजीच का, आजवर काय केले आणि पुढे प्रयोगशाळेत, क्लिनिकल ट्रायल्समध्ये की रुग्णसेवेत रमायचे आहे, एवढे त्यातून कळावे.

ईरासमधला अर्ज आणि एनआरएमपीची नोंदणी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एक केली म्हणजे दुसरी आपोआप होत नाही आणि एनआरएमपीत नोंदणी नसेल तर पसंतीक्रमाची यादी, म्हणजे रँक लिस्ट, भरताच येत नाही.

मुलाखतींनंतर यादी कशी चालते

मुलाखती ऑगस्टपासून शरद ऋतूपर्यंत चालतात आणि २०२० नंतर त्या मुख्यतः व्हिडिओवर होतात. यादी नोव्हेंबरमध्ये बंद होते आणि निकाल डिसेंबरच्या सुरुवातीला लागतो. या मधल्या काळात यादी कशी लावावी याबद्दल वरिष्ठांपासून व्हॉट्सॲप गटांपर्यंत अनेक जण सल्ले देतात. त्यांतला सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत चुकीचा सल्ला असा, की जिथे आपली निवड होण्याची शक्यता जास्त, तो प्रोग्राम वर ठेवावा.

तो चुकीचा का, हे जुळवणीची रीत पाहिली की समजते. ही पद्धत उमेदवाराच्या यादीपासून सुरू होते. समजा एखादीने बॉस्टन पहिले, क्लीव्हलँड दुसरे आणि ह्यूस्टन तिसरे लिहिले आहे. संगणक प्रथम तिला बॉस्टनच्या प्रोग्राममध्ये बसवून पाहतो. त्या प्रोग्रामने तिला क्रमच दिला नसेल, किंवा तिच्याहून वर ठेवलेल्या उमेदवारांनी सर्व जागा भरल्या असतील, तर ती क्लीव्हलँडकडे जाते. तिथे जागा मिळाली तरी ती तात्पुरती असते, कारण क्लीव्हलँडने तिच्यापेक्षा वर ठेवलेला दुसरा उमेदवार त्याच्या पहिल्या पसंतीतून बाहेर पडून नंतर तिथे पोहोचू शकतो आणि तसे झाले, तर ती ह्यूस्टनकडे सरकते. हा खेळ सर्वांची जागा स्थिर होईपर्यंत चालतो. महत्त्वाचे हे, की बॉस्टनला प्रथम क्रम दिल्याने क्लीव्हलँडमधली तिची संधी तसूभरही कमी होत नाही. तिथे ती पोहोचते तेव्हा तिला पहिल्या फेरीत आलेल्यांइतकाच हक्क असतो. क्लीव्हलँडला तिची यादी दिसत नाही, आपण तिची दुसरी पसंती होतो हेही कळत नाही. मॅच १९५२ पासून चालत आली आहे. उमेदवाराकडून सुरू होणारी आजची रीत ॲल्विन रॉथ आणि इलियट पेरॅन्सन यांनी घडवली. या प्रकारच्या जुळवणीवरील संशोधनासाठी रॉथ आणि लॉइड शॅप्ली यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तेव्हा यादी खऱ्या पसंतीनेच लावावी. त्यात डावपेचाला जागाच नाही.

मुलाखतीनंतर एखाद्या प्रोग्रामकडून ‘आम्ही तुम्हाला फार वर ठेवणार आहोत’ अशा आशयाचा ईमेल येतो. तो आनंदाने वाचावा आणि यादी जशी होती तशीच ठेवावी. एनआरएमपीच्या करारानुसार दोन्ही बाजू स्वेच्छेने आस्था व्यक्त करू शकतात, पण कोणीही दुसऱ्याला त्याची यादी विचारू शकत नाही आणि अशा शब्दांना बंधनाचे स्वरूप नसते. ‘तुम्हीच माझी पहिली पसंती’ हे पत्र उमेदवाराने पाठवायचेच असेल, तर ते एकाच प्रोग्रामला पाठवावे. कर्करोगतज्ज्ञांचे जग लहान आहे आणि प्रोग्राम डायरेक्टर एकमेकांशी बोलतात.

पसंती ठरवताना

नावाजलेल्या केंद्रांची नावे सर्वांना पाठ असतात: न्यूयॉर्कचे मेमोरियल स्लोन केटरिंग, ह्यूस्टनचे एमडी अँडरसन, बॉस्टनचे डेना-फार्बर. नावाचा फायदा होतो, ही गोष्ट खरी आहे. तरीही तीन वर्षे आपण दररोज काय करणार, हे नावावरून कळत नाही. एकत्रित फेलोशिपमध्ये किमान अठरा महिने रुग्णसेवेचे असतात. उरलेल्या अठरा महिन्यांचे काय होते, यावर प्रोग्राम्समध्ये सर्वाधिक फरक पडतो. काही ठिकाणी त्यांतला बहुतेक काळ संशोधनासाठी मोकळा ठेवला जातो, तर काही ठिकाणी तो कन्सल्ट (इतर विभागांच्या रुग्णांना सल्ला देणे) आणि वॉर्डच्या कामात भरून जातो. ज्याला पुढे खाजगी किंवा सामुदायिक रुग्णालयात स्तन, फुप्फुस आणि आतड्याच्या कर्करोगांचे रुग्ण पाहायचे आहेत, त्याला दुसरा प्रकार वाईट नाही. त्याला विविध आजारांचे भरपूर रुग्ण हवेत आणि स्वतःचे नियमित क्लिनिक हवे. ज्याला विद्यापीठात राहून ट्रायल्स चालवायच्या आहेत, त्याने मोकळ्या महिन्यांचा हिशेब मुलाखतीतच मागून घ्यावा आणि गेल्या काही वर्षांतले फेलो आता कुठे काम करतात, हे विचारावे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकातील कोणत्याही वाक्यापेक्षा जास्त सांगते.

संशोधनाच्या पैशाबाबत परदेशी नागरिकांनी एक बाब ध्यानात ठेवावी. अनेक विद्यापीठांत फेलोंच्या संशोधनाच्या वर्षांचा पगार एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या टी-३२ या प्रशिक्षण अनुदानातून येतो आणि ते अनुदान अमेरिकी नागरिक व कायम रहिवासी यांनाच मिळते. ‘आमच्याकडे टी-३२ आहे’ हे वाक्य व्हिसावर असलेल्या उमेदवारासाठी अपुरे असते. मग माझ्या संशोधनाच्या वर्षाचा खर्च कशातून होईल, हा पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. चांगले प्रोग्राम त्याचे सरळ उत्तर देतात.

बोर्ड परीक्षेत उत्तीर्ण होण्याचे प्रोग्रामनिहाय प्रमाण एबीआयएम, म्हणजे या परीक्षा घेणारे मंडळ, प्रसिद्ध करते, ते पाहून ठेवावे. बोन मॅरो ट्रान्सप्लांट आणि कार-टी (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून करायचे) उपचार त्याच रुग्णालयात होतात की फेलोंना दुसरीकडे पाठवतात, रात्रीचा कॉल, म्हणजे तातडीच्या कामासाठीची पाळी, घरून असतो की आवारात थांबावे लागते, हे प्रश्न सध्याच्या फेलोंना एकटे गाठून विचारावेत.

व्हिसा आणि वर्षांचा हिशेब

खऱ्या पसंतीने यादी लावा असे वर म्हटले, पण व्हिसावरील डॉक्टरची खरी पसंती व्हिसा वगळून ठरत नाही. जे-१ या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर क्लिनिकल प्रशिक्षणाची कमाल मर्यादा सात वर्षांची असते. तीन वर्षे रेसिडेन्सी आणि तीन वर्षे फेलोशिप मिळून सहा होतात. मध्ये चीफ रेसिडेंटचे वर्ष घेतले की सात भरतात आणि त्यानंतर ट्रान्सप्लांटसारखे आणखी एक वर्षाचे प्रशिक्षण मर्यादेबाहेर जाते. चीफचे पद मानाचे असते, म्हणून ते स्वीकारण्यापूर्वी ही बेरीज करावी. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सर्वसाधारण मर्यादा सहा वर्षांची असल्याने तिथे रेसिडेन्सी आणि फेलोशिप मिळून ती संपते. त्यासाठी यूएसएमएलईची स्टेप ३ उत्तीर्ण असावी लागते आणि सर्वच प्रोग्राम एच-१बी देत नाहीत. जे-१ वर प्रशिक्षणाबाहेरचे जास्तीचे काम, म्हणजे मूनलायटिंग, करता येत नाही, त्यामुळे प्रोग्रामने त्या कमाईचे कितीही कौतुक केले तरी ते हिशेबात धरू नये.

जे-१ नंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. ती माफ करून घेण्याचा प्रचलित मार्ग म्हणजे कॉनरॅड ३० योजना. तिच्यात प्रत्येक राज्य दरवर्षी तीस डॉक्टरांची शिफारस करू शकते आणि त्या डॉक्टरला डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षे काम करावे लागते. काही राज्ये प्राथमिक उपचार करणाऱ्यांना प्राधान्य देतात, काही उपविशेषज्ञांनाही घेतात. फेलोशिप ज्या राज्यात होते तिथेच नोकरीच्या ओळखी जुळतात, तेव्हा एकसारख्या वाटणाऱ्या दोन प्रोग्राम्सपैकी एक वर ठेवताना हा निकष चालेल.

प्रोग्रामचे व्हिसाविषयक धोरण आणि निवड झाल्यास सही करावा लागणारा करार मुलाखतीला आलेल्या उमेदवारांना यादीच्या अंतिम मुदतीपूर्वी दाखवणे, हे मॅचच्या नियमांत प्रोग्रामचे कर्तव्य आहे. मागायला संकोच करू नये.

यादी भरणे

एकाच संस्थेत एकत्रित फेलोशिप, केवळ ऑन्कॉलॉजी आणि संशोधनाचा स्वतंत्र ट्रॅक असे वेगवेगळे सांकेतिक क्रमांक असू शकतात आणि प्रत्येकाला वेगळा क्रम द्यावा लागतो. क्रमांक चुकला तर नको असलेल्या ट्रॅकमध्ये जागा लागते. जिथे कोणत्याही परिस्थितीत जायचे नाही, तो प्रोग्राम यादीत घालूच नये. जिथे जायची तयारी आहे, असा एकही प्रोग्राम मात्र वगळू नये. लांब यादीने वरच्या पसंतींना धक्का लागत नाही. यादी भरून झाल्यावर ती प्रमाणित करावी लागते, आपल्याकडे चॉईस लॉक करतात तसे. फरक एवढाच, की इथे मुदतीपर्यंत ती पुन्हा उघडून बदलता येते आणि प्रत्येक बदलानंतर नव्याने प्रमाणित करावी लागते. मुदत अमेरिकेच्या पूर्व विभागाच्या वेळेने रात्री ९ वाजता संपते. कॅलिफोर्नियात तेव्हा संध्याकाळचे ६ वाजलेले असतात आणि माणूस वॉर्डात असतो. आदल्या दिवशीच प्रमाणित करून टाकावी.

निकाल लागल्यावर

मॅच दोन्ही बाजूंना बंधनकारक असते. मिळालेली जागा सोडायची असेल तर एनआरएमपीकडून सूट मागावी लागते. न विचारता सोडल्यास पुढच्या मॅचमधून बाद होण्यापर्यंत कारवाई होऊ शकते. जागा न मिळालेल्यांना रिकाम्या प्रोग्राम्सची यादी दिसते. रेसिडेन्सीच्या वेळची सोप फेरी, म्हणजे रिकाम्या जागा भरण्याची पुढची फेरी, फेलोशिपला नसते, म्हणून त्या प्रोग्राम्सशी स्वतःच त्याच दिवशी संपर्क साधावा लागतो.

जे-१ वर असलेल्यांसाठी निकालानंतरचे पहिले काम म्हणजे नवे स्टेटमेंट ऑफ नीड, म्हणजे या विषयाच्या तज्ज्ञांची देशाला गरज आहे असे सांगणारे सरकारी पत्र. रेसिडेन्सीसाठी दिल्लीच्या आरोग्य आणि कुटुंब कल्याण मंत्रालयाने दिलेले पत्र इंटर्नल मेडिसिनपुरते असते आणि ते फेलोशिपला चालत नाही. नव्या पत्रात उपविषयाचा उल्लेख प्रोग्रामच्या नेमणूकपत्राशी जुळला पाहिजे. एकत्रित फेलोशिप असेल तर हिमॅटॉलॉजी आणि ऑन्कॉलॉजी हे दोन्ही शब्द त्यात आले आहेत की नाहीत, हे पत्र हाती पडताच पाहावे. फेलोशिप १ जुलैच्या सुमारास सुरू होते. डीएस-२०१९ हा जे-१ साठी लागणारा पुढचा कागद या पत्राशिवाय निघत नाही, म्हणून मंत्रालयाकडचा अर्ज नेमणूकपत्र मिळाल्याबरोबर करावा आणि भारतात घरी जायचा बेत असेल तर त्याची तारीख या कागदांनंतरची ठेवावी.