मेडिक जवानाचं स्मरण (मराठवाडा)

लढाईत किंवा अतिरेक्यांसोबतच्या चकमकीत कामी आलेल्या लष्करातल्या मेडिकची, म्हणजे नर्सिंग असिस्टंटची, आठवण त्याच्या गावात कशी ठेवतात त्याबद्दलची ही नोंद. आपल्याकडं सुट्टीवर आलेल्या कुठल्याही फौजीला 'मेजर' म्हणायची सवय, मग तो शिपाई असो का हवालदार, पण मेडिकल कोअरमधला पोरगा आला की त्याला 'डॉक्टर' म्हणतात आणि म्हातारी माणसं बीपी बघायला त्याच्याच ओट्यावर येऊन बसतात.

आर्मी मेडिकल कोअर 3 एप्रिल 1943 ला उभी राहिली, तिचं ट्रेनिंग सेंटर लखनौला आहे आणि ब्रीदवाक्य 'सर्वे सन्तु निरामयाः'. नर्सिंग असिस्टंट व्हायला बारावी सायन्स लागतं, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घेऊन. म्हणजे लातूर-नांदेडला क्लास लावून जी पोरं डॉक्टर व्हायचं बघायलेत त्यांच्याच वर्गातला हा एक, फक्त घरी दोन-चार एकर कोरडवाहू असल्यानं त्यानं भरतीचं ग्राउंड धरलेलं. पुढं तो पलटणीच्या डॉक्टरच्या हाताखाली काम करतो, जखमीचं रक्त थांबवणं, टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, आवळणं, सलाईन लावणं आणि स्ट्रेचर मागं पोचेपर्यंत त्याला जागं ठेवणं. जखमेनंतरचा पहिला तास फार मोलाचा असतो म्हणून गोळीबार थांबायची वाट बघत बसता येत नाही, बाकीचे आडोसा धरतात तेव्हा ह्याला उघड्यावर पडलेल्या माणसाकडं जावं लागतं. 1949 च्या जिनिव्हा करारानं मेडिकवर हल्ला करायला मनाई आहे, स्वतःच्या आणि पेशंटच्या बचावापुरतं हत्यार तो बाळगू शकतो. पण अतिरेकी कुठला करार पाळणार?

पार्थिव गावी आणायची पद्धत सगळीकडं रुजली ती 1999 च्या कारगिलपासून, त्याआधीच्या युद्धांत बहुतेकांचे अंत्यसंस्कार तिकडंच व्हायचे आणि घरी फक्त तार यायची. आता पार्थिव विमानानं येतं, तिथून फुलांनी सजवलेल्या गाडीतून गावाकडं, वाटेतल्या प्रत्येक फाट्यावर लोक उभे असतात, शाळेची लेकरं तिरंगे घेऊन, आणि 'अमर रहे' च्या घोषणा. मानवंदना होते, हवेत फैरी झाडतात, तिरंग्याची घडी आईच्या नाहीतर बायकोच्या हातात देतात. कागदोपत्री लष्कर 'शहीद' लिहित नाही, तिथं 'बॅटल कॅज्युअल्टी' असतं, गावात मात्र शहीदच, कारण हुतात्मा म्हटलं की मराठवाड्यात आधी मुक्तिसंग्रामातली माणसं आठवतात, ज्यांच्यासाठी 17 सप्टेंबरला झेंडा लागतो.

नंतर शाळेजवळ नाहीतर वेशीत स्मारक उभं राहतं, 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला वीरमाता-वीरपित्याचा सत्कार, पुण्यतिथीला कीर्तन आणि अन्नदान. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, जे 25 फेब्रुवारी 2019 ला खुलं झालं, त्याग चक्राच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून जास्त नावं कोरलीत.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मला फार खटकते. भाषणं सगळी एकसारखीच होतात, शत्रूला कंठस्नान घातलं, छातीवर गोळ्या झेलल्या, आणि पोरगं पट्टी बांधायला गेलं होतं हे कुणी सांगतच नाही. पुतळ्याच्या हातातही रायफलच देतात, फर्स्ट एडची बॅग नाही. त्याचं शौर्य त्या बॅगेत होतं हो! काही ठिकाणी पुण्यतिथीला रक्तदान शिबिर ठेवतात ते मला सगळ्यात योग्य वाटतं, जे रक्त थांबवायला तो धावला त्याचीच ती आठवण. युनिटमधले सोबती घरी भेटायला येतात तेव्हा बाप गप्प बसून राहतो आणि आई चहा देता देता विचारते, माझं लेकरू ज्याच्याकडं गेलं होतं, तो वाचला का.