छोट्या वाद्यवृंदांतील तालवाद्ये

चेंबर संगीत (छोट्या वृंदासाठीचे पाश्चात्त्य अभिजात संगीत) किंवा जॅझच्या दोन ते सात-आठ वादकांच्या वृंदात ड्रम, टिंपनी (सूर जुळवता येणारे मोठे नगारे), झायलोफोन (लाकडी पट्ट्यांचे वाद्य) ही वाद्ये साथीपुरती न राहता सुरांच्या वाद्यांबरोबरीने रचना घडवू लागतात, तेव्हा तालवाद्याला समान भागीदार म्हणता येते. ही बरोबरी अनेकदा सोलोच्या (एकट्याने वाजवण्याच्या भागाच्या) लांबीवरून मोजली जाते. पण सोलो संपताच वादक ठेका धरून मागे बसणार असेल, तर ती साथच. लय सांभाळण्याचे ओझे एकट्या तालवादकावर आहे की सगळ्यांत वाटलेले आहे, ही खरी कसोटी.

स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्ये), पियानो ट्रायो (पियानो आणि दोन तंतुवाद्ये) या अभिजात प्रकारांत तालवाद्यांना जागाच नव्हती; टिंपनी ऑर्केस्ट्रात, ढोल लष्करी बँडमध्ये. १९१८ मध्ये संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की यांनी ‘लिस्त्वार द्यु सोल्दा’ (‘सैनिकाची गोष्ट’) सात वादकांसाठी लिहिले. त्यांत तालवादक एकच, पण शेवटी बाकीची वाद्ये गळून पडतात आणि तोच उरतो.

हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांचा ‘दोन पियानो आणि तालवाद्यांसाठी सोनाटा’ (१९३७) याहून पुढे जातो. पहिला प्रयोग १९३८ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे झाला. पियानोवर स्वतः बार्टोक आणि त्यांच्या पत्नी दित्ता होत्या. तालवाद्यांच्या ताफ्यापुढे एक पियानो तोकडा पडेल, म्हणून बार्टोक यांनी दोन घेतले. इथे तालवाद्य दुबळे ठरेल ही चिंता नव्हती, होती ती नेमकी उलटी. दोन तालवादक मिळून टिंपनी, झायलोफोन, स्नेअर ड्रम, झांजा, त्रिकोण (ट्रँगल), टॅम-टॅम (मोठी घंटाथाळी) असा संच हाताळतात. टिंपनीच्या पेडलने सूर घसरवत नेला जातो, तर शेवटच्या भागाची मुख्य धून झायलोफोनच आधी मांडतो. पियानोही हातोड्यांचे वाद्य असल्याने दोन्ही गटांतली सीमारेषा पुसट होत जाते. अखेर पियानो थांबतात. स्नेअर ड्रम आणि झांज विरत जातात.

जॅझमध्ये वाट वेगळी होती, कारण ड्रम तिथे पहिल्यापासून होताच. आधी बेस ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ढोल) चारही मात्रांवर वाजत असे. १९४० च्या सुमारास ड्रमवादक केनी क्लार्क यांनी अखंड ठेका राइड सिंबलवर (काठीने वाजवायच्या मोठ्या झांजेवर) नेला. बेस ड्रम मोकळा झाला, अवचित आघातांसाठी. वादक त्यांना ‘बॉम्ब’ म्हणत. ड्रमवादक मॅक्स रोच यांनी ही शैली पुढे नेली. पियानोवादक बिल एव्हान्स यांच्या त्रयीत (बेसवर स्कॉट लाफारो, ड्रमवर पॉल मोशियन) ठेका उघड वाजवण्याची सक्तीही उरली नाही: तिघेही तो मनात धरून वाद्यांतून एकमेकांशी बोलत. त्यांचे २५ जून १९६१ चे न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमधील ध्वनिमुद्रण याचा उत्तम नमुना आहे. टोकाचे उदाहरण म्हणजे जॉन कोल्ट्रेन आणि रशीद अली यांचे १९६७ मधील युगलवादन. फक्त सॅक्सोफोन आणि ड्रम. बेस नाही, पियानो नाही. टेकायला काहीच नसल्याने दोघांना एकमेकांचेच ऐकावे लागते.

बरोबरी म्हणजे मोठा आवाज, असे मात्र नव्हे. मॉडर्न जॅझ क्वार्टेट या चौकडीचे ड्रमवादक कॉनी के इतके हलके वाजवत की सिंबलची नाजूक किणकिण पियानोच्या सुरांत स्वच्छ ऐकू येई. त्याच चौकडीत धून वाजवणारे मिल्ट जॅक्सन यांचे व्हायब्राफोनही (धातूच्या पट्ट्यांचे वाद्य) तालवाद्यांच्याच कुळातले.