विरोधी पक्षनेतेपद (ऑस्ट्रेलिया, संघीय)

ऑस्ट्रेलियाच्या संघीय संसदेत, प्रतिनिधिगृहातील (कनिष्ठ सभागृहातील) सरकारबाहेरच्या सर्वांत मोठ्या पक्षाच्या किंवा आघाडीच्या नेत्याचे पद. व्यवहारात ते लेबर आणि लिबरल यांपैकी जो पक्ष सत्तेबाहेर असेल त्याच्या नेत्याकडे जाते. लिबरल-नॅशनल आघाडी विरोधात बसली, तर नेता एरवी लिबरलचाच असतो. राज्यघटनेत या पदाचा उल्लेख नाही. तसा तो पंतप्रधानपदाचाही नाही. १९०१ मध्ये जॉर्ज रीड पहिले विरोधी पक्षनेते झाले आणि १९२० पासून पदाला स्वतंत्र मानधन आहे. सध्या खासदाराच्या मूळ पगारावर पंतप्रधानाला १६० टक्के, तर विरोधी नेत्याला ८५ टक्के जादा मिळतात. भारतात सभागृहाच्या एकदशांश सदस्यसंख्येच्या संकेतामुळे २०१४ ते २०२४ या काळात लोकसभेतले हे पद रिकामेच राहिले. ऑस्ट्रेलियात ते मिळण्यावरून वाद होत नाही. सगळी झटापट ते टिकवण्यावरून होते.

निवड आणि उचलबांगडी

लिबरल नेता पक्षाचे खासदार आणि सिनेटर मिळून गुप्त मतदानाने निवडतात. या बैठकीला तिथे 'पार्टी रूम' म्हणतात. सामान्य कार्यकर्त्याला त्यात मत नाही. नेता हटवायचा तर आधी पद रिकामे करण्याचा ठराव येतो. त्याला 'स्पिल' असे नाव आहे. ठराव मंजूर झाला की इच्छुक उभे राहतात. दोनपेक्षा जास्त असतील तर प्रत्येक फेरीत तळाचा उमेदवार गळतो. मोजणी प्रतोदांच्या देखरेखीखाली होते आणि निकाल काही मिनिटांत दाराबाहेर पोचतो. १ डिसेंबर २००९ च्या पहिल्या फेरीत टोनी ॲबट यांना ३५, तेव्हाचे नेते माल्कम टर्नबुल यांना २६ आणि सर्वांचे आवडते मानले गेलेले जो हॉकी यांना २३ मते पडली. हॉकी बाद झाले. दुसऱ्या फेरीत ॲबट ४२, टर्नबुल ४१ आणि एक मत बाद. त्या चिठ्ठीवर कुणीतरी नुसते 'नाही' लिहिले होते. या एका मताच्या नेत्याने चार वर्षांनी ९० जागा जिंकून सरकार आणले.

डिसेंबर २०१८ मध्ये लिबरल पक्षाने निवडणूक जिंकलेल्या पंतप्रधानाला हटवण्यासाठी दोन तृतीयांश मतांची अट घातली. विरोधी नेत्याला मात्र असले कवच नाही.

लेबरची पद्धत २०१३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान केव्हिन रड यांच्या आग्रहाने बदलली. नेत्याच्या निवडीत निम्मे वजन खासदारांचे, निम्मे पक्षसदस्यांचे. विरोधात असताना फेरनिवडणूक मागायची तर ६० टक्के खासदारांच्या सह्या लागतात, सत्तेत असताना ७५ टक्के. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सदस्यांनी सुमारे ६० टक्के मते अँथनी अल्बानीझी यांना दिली, पण खासदारांत बिल शॉर्टन ५५ विरुद्ध ३१ असे पुढे राहिले आणि एकूण गोळाबेरजेत तेच नेते झाले. कार्यकर्त्यांच्या नाराजीपेक्षा जास्त महत्त्वाचे हे की या नियमामुळे शॉर्टन लागोपाठ दोन निवडणुका लढवू शकले. जुन्या पद्धतीत इतका अवकाश क्वचितच मिळाला असता.

कामकाज

अधिवेशनाच्या दिवशी दुपारी दोनला प्रश्नोत्तरे सुरू होतात आणि पहिला प्रश्न बहुधा विरोधी नेत्याचा असतो. अर्थसंकल्प मंगळवारी संध्याकाळी मांडला जातो. गुरुवारी रात्री विरोधी नेत्याचे उत्तराचे भाषण होते. वर्षभरात त्याला सलग आणि बिनव्यत्यय बोलायला मिळते ते जवळपास एवढेच. छाया मंत्रिमंडळ तोच ठरवतो. आघाडी असेल तर नॅशनल पक्षाचा वाटा आधी बाजूला काढावा लागतो. आश्वासनांचा खर्च काढून घेण्यासाठी २०१२ पासून संसदीय अर्थसंकल्प कार्यालय आहे. तिथे विरोधकांना गोपनीयपणे आकडेमोड करून मिळते, त्यामुळे 'आमच्याकडे सरकारी यंत्रणा नव्हती' ही जुनी सबब आता चालत नाही.

निवडणुकीची तारीख पंतप्रधान ठरवतो. प्रतिनिधिगृहाची मुदत तीन वर्षांची, आणि निवडणुकीचा आदेश निघाल्यापासून मतदानापर्यंत किमान ३३ दिवस. म्हणजे विरोधी नेत्याची तयारी निवडणूक जाहीर होण्याआधीच पूर्ण हवी. ३ फेब्रुवारी १९८३ रोजी लिबरल पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांनी निवडणूक जाहीर केली, ती लेबरचे विरोधी नेते बिल हेडन यांच्यासारख्या फिक्या प्रतिस्पर्ध्याला गाठण्यासाठी. त्याच दिवशी हेडन यांनी बॉब हॉक यांच्यासाठी पद सोडले. या परिस्थितीत गुरे हाकणाऱ्याचा कुत्राही लेबरला जिंकून देईल, असा टोमणा मारायला हेडन विसरले नाहीत. ५ मार्चला हॉक जिंकले.

जिंकण्याची शक्यता

दुसऱ्या महायुद्धानंतर विरोधी बाजूने सत्ता घेतली ती १९४९, १९७२, १९७५, १९८३, १९९६, २००७, २०१३ आणि २०२२ अशी आठ वेळा. त्यातले १९७५ वेगळे, कारण राणीचा प्रतिनिधी असलेल्या गव्हर्नर-जनरलने लेबरचे व्हिटलम सरकार बडतर्फ केल्याने फ्रेझर मतदानाच्या दिवशी काळजीवाहू पंतप्रधान होते. या यादीची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. सत्ता गेल्यावर पक्षाने जो पहिला विरोधी नेता बसवला, त्यातला एकही पुढे निवडणूक जिंकून पंतप्रधान झाला नाही: चिफ्ली, स्नेडन, व्हिटलम, पीकॉक, बीझली, नेल्सन, शॉर्टन, डटन. यांतले चिफ्ली आणि व्हिटलम हे नुकतेच सत्ता गमावलेले पंतप्रधान होते. पहिला नेता पराभवाचा हिशेब चुकवण्यात आणि गटबाजी शमवण्यात खर्ची पडतो; फळ दुसऱ्याला किंवा तिसऱ्याला मिळते. शिवाय एकाच कार्यकाळानंतर पडलेले शेवटचे सरकार स्कलिन यांचे, १९३१ मधले. त्यामुळे महत्त्वाकांक्षी खासदार पराभवानंतरच्या पहिल्या खेपेला नेतेपदापासून अनेकदा दूर राहतात, आणि त्यात गैर काही नाही.

मते आणि जागा यांचे गणितही सरळ नाही. मतदान सक्तीचे आहे आणि पसंतीक्रमाने होते: मतपत्रिकेवरच्या प्रत्येक चौकोनात क्रमांक घालावा लागतो, नाहीतर मत बाद. तळाचे उमेदवार गळत जातात आणि त्यांची मते पुढच्या पसंतीला मिळतात. शेवटी उरणाऱ्या दोन पक्षांच्या टक्केवारीवरून जागांचा अंदाज बांधतात. पण १९५४ मध्ये एव्हॅट, १९६१ मध्ये कॉलवेल आणि १९९८ मध्ये बीझली या लेबरच्या तिघा नेत्यांनी ही दुपक्षीय बेरीज निम्म्याच्या वर नेऊनही सत्ता मिळवली नाही. १९६१ मध्ये तर क्वीन्सलँडमधल्या मोरेटन या एका जागेवर १३० मतांनी सारा खेळ फिरला. उलट २०२२ मध्ये लेबरला पहिल्या पसंतीची जेमतेम ३२.६ टक्के मते होती, तरी १५१ पैकी ७७ जागा आल्या. देशव्यापी झुकावापेक्षा तो नेमक्या कोणत्या मतदारसंघांत पडतो हे महत्त्वाचे.

चुका कशा होतात

हमखास चूक म्हणजे मोठा जाहीरनामा लवकर उघड करणे. लिबरल नेते जॉन ह्यूसन यांनी नोव्हेंबर १९९१ मध्येच १५ टक्के वस्तू-सेवा कराची सविस्तर योजना मांडली. मतदानाला दहा दिवस असताना दूरदर्शनवर त्यांना विचारले गेले, दुकानातून वाढदिवसाचा केक घेतला तर तो महाग होईल की स्वस्त? जुना विक्रीकर कुठल्या केकवर आहे, कुठल्यावर नाही, सजावट कसली, मेणबत्त्या आहेत का, असे ते समजावत गेले. अर्थशास्त्राचे प्राध्यापक राहिलेल्या ह्यूसन यांचे उत्तर चुकीचे नव्हते, पण ऐकणाऱ्याला एवढेच कळले की या माणसाला केकची किंमत सांगता येत नाही. 'हरताच येणार नाही' म्हटलेली १९९३ ची निवडणूक ते हरले. २०१९ मध्ये शॉर्टन यांच्या लाभांश करसवलत आणि घरगुंतवणूक सवलतींवरच्या धोरणांनी तसेच घडले. त्यावेळी मतचाचण्याही फसल्या.

उलटी चूक, म्हणजे उशीर, लिबरल नेते पीटर डटन यांनी २०२५ मध्ये केली. वर्षाच्या सुरुवातीला अनेक चाचण्यांत आघाडी पुढे होती. मग सरकारी कर्मचाऱ्यांना पाचही दिवस कार्यालयात बोलावण्याची घोषणा झाली आणि प्रचार ऐन भरात असताना ७ एप्रिलला ती मागे घेतली गेली. आगाऊ मतदान २२ एप्रिलला सुरू झाले. संरक्षणखर्चाचे धोरण त्याच्या दुसऱ्या दिवशी आले आणि खर्चाचे आकडे १ मे रोजी, मतदानाच्या दोन दिवस आधी. तोवर लाखो लोक मत देऊन घरी गेले होते. लक्षण दोन वर्षे आधीच दिसले होते: १ एप्रिल २०२३ च्या ॲस्टन पोटनिवडणुकीत सरकारने विरोधकांची जागा हिसकावली, आणि असे १९२० नंतर प्रथमच घडत होते. ३ मे २०२५ रोजी लेबर ९४, आघाडी ४३. डटन डिक्सन या आपल्या मतदारसंघात स्वतःही पडले. संघीय निवडणुकीत विरोधी नेता आपली जागा हरण्याची ती पहिली वेळ.

१३ मे २०२५ रोजी सुझन ले यांनी अँगस टेलर यांना २९ विरुद्ध २५ मतांनी हरवले आणि त्या लिबरल पक्षाच्या पहिल्या महिला संघीय नेत्या झाल्या. आठवड्याभरात नॅशनल पक्ष आघाडीतून बाहेर पडला आणि महिना संपायच्या आत परतला. बहुमताला ७६ जागा लागतात, म्हणजे आघाडीच्या ४३ जागा ३३ ने कमी. ॲडलेड शहरात आणि टास्मानियात लिबरलची एकही जागा उरली नव्हती, आणि सिडनी-मेलबर्नच्या सधन भागांतल्या अनेक जागांवर २०२२ पासून अपक्ष बसले होते. उपनगरांतल्या स्थलांतरितांशिवाय हा खड्डा भरणे शक्य नाही. अशा वेळी सप्टेंबर २०२५ मध्ये लिबरल सिनेटर जॅसिंटा नाम्पिजिन्पा प्राइस यांनी लेबर भारतीयांना मतांसाठी आणते असे सुचवले. प्राइस यांनी माफी मागितली नाही, नेत्यावर विश्वास आहे असेही म्हटले नाही. ले यांनी त्यांना छाया मंत्रिमंडळातून काढले आणि भारतीय समाजाची माफी स्वतः मागितली.