आपत्तिप्रवण भागातील पुनर्बांधणीचा खर्च (ठाणे व नवी मुंबई)

पूर, दरड, वादळ किंवा इमारत कोसळल्याने नष्ट झालेली घरे, दुकाने आणि नागरी सोयी पुन्हा उभारण्याचा खर्च शासन, महापालिका, विमा कंपनी, विकासक आणि रहिवासी यांच्यात वाटून घेण्याची पद्धत. ठाणे खाडी आणि उल्हास नदीच्या काठी कोणाला किती पैसे मिळतील हे नुकसानीच्या आकारापेक्षा ते कोणत्या नियमात बसते यावर जास्त ठरते.

जमीन व धोका : १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शासकीय नगरविकास महामंडळाने वाशी, बेलापूर हे भाग बऱ्याच अंशी भरतीचे पाणी शिरणाऱ्या खाजण जमिनीवर भराव घालून वसवले. भरतीच्या वेळी पाणी शहरात शिरू नये म्हणून नाल्यांच्या तोंडाशी धारण तलाव ठेवले. भरती आली की झडपा मिटतात, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला खाडीत जाते. तलाव गाळाने भरला किंवा झडप नीट मिटली नाही की ही रचना कोलमडते, आणि उधाणाच्या दिवशी मुसळधार पाऊस पडला तर पाणी रस्त्यावर येते. तलावांत कांदळवन वाढल्याने गाळ काढायला न्यायालय आणि वन विभागाची परवानगी लागते. तलाव बांधले सिडकोने, देखभाल महापालिकेकडे आणि सोफा भिजतो तळमजल्यावरच्या रहिवाशाचा. कळवा-मुंब्र्यात धोका पारसिकच्या डोंगराचा आहे. जुलै २०२१ मध्ये कळव्यातील घोलाईनगरात दरड कोसळून एकाच कुटुंबातील ५ जण दगावले.

सरकारी मदत : आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार राज्य आपत्ती निधी उभारला जातो. महाराष्ट्रात त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१–२६ साठी एकूण रकमेपैकी २० टक्के धोका कमी करण्याच्या कामांना, ४० टक्के तातडीच्या मदतीला, ३० टक्के पुनर्उभारणीला आणि १० टक्के पूर्वतयारीला राखून ठेवले. २०२२–२६ च्या निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि झोपडीला ८,००० रुपये ठरले होते. बांधकामखर्च चौरस फुटाला ३,००० रुपये धरला तर ५०० चौरस फुटांचे घर उभारायला १५ लाख लागतात. म्हणजे मदत त्याच्या ८ टक्के. पुनर्बांधणीचा खर्च भरून काढण्यासाठी ही रक्कम ठरवलेलीच नाही. ती पडझडीनंतरचा पहिला आधार आहे.

निकषांत दोन पेच आहेत. घर अधिकृत असल्याचे सक्षम प्राधिकाऱ्याने प्रमाणित करावे लागते, आणि दिवा, मुंब्रा, दिघा इथल्या असंख्य इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र (राहायला वापरण्याची अधिकृत परवानगी) नाही. दुसरे, कपडे-भांड्यांची मदत मिळायला घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असावे लागते. खाडीचे पाणी ओहोटीला काही तासांत उतरते, पण फ्रिज, गाद्या आणि विजेची वायरिंग तेवढ्यात जाते. मोठ्या पुरानंतर शासन अट शिथिल करते, मात्र त्यासाठी दरवेळी वेगळा शासन निर्णय काढावा लागतो.

इमारत कोसळणे हे अधिसूचित नैसर्गिक आपत्तींच्या यादीत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमधील बेकायदा इमारत पडून ७४ जण मेले. अशा वेळी जी मदत जाहीर होते ती सरकारची मर्जी असते, हक्क नव्हे.

विमा : विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. पूर, वादळ, भूकंप, दरड या सगळ्यांना ती संरक्षण देते. विम्याची रक्कम चटईक्षेत्र (घराच्या आतली वापरायची जागा) गुणिले बांधकामखर्च अशी काढायची. बाजारभाव धरायचा नाही, कारण त्यात जमिनीची किंमत असते आणि जमीन वाहून जात नाही. घरातील सामानाला आपोआप इमारतीच्या विम्याच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, संरक्षण मिळते. राडारोडा हटवण्यासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद-अभियंत्यांच्या शुल्कासाठी ५ टक्क्यांपर्यंत रक्कम धरली जाते.

सोसायट्यांची चूक नेमकी इथे होते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमांत) इमारतीचा विमा आग आणि भूकंपासाठी सक्तीचा आहे, पुराचा उल्लेख नाही. स्वस्तात पॉलिसी घेताना समिती पुराचे कलम वगळायला सांगते आणि खाडीकाठच्या इमारतीला नेमके तेच हवे असते. पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटी साठवते त्या सिंकिंग फंडावरही फार विसंबता येत नाही. बांधकामखर्चाच्या वार्षिक ०.२५ टक्के दराने १५ लाखांच्या घरामागे वर्षाला ३,७५० रुपये, म्हणजे ३० वर्षांत व्याज सोडून सव्वा लाखही जमत नाहीत.

दाव्यासाठी पाणी ओसरण्यापूर्वीच भिंतीवर पातळीची खूण करून तारखेसह फोटो घ्यावेत. सर्वेक्षक येईपर्यंत भिजलेले सामान फेकू नये. पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. त्यात ‘अंशतः’ की ‘पूर्णतः’ हा एक शब्द ६,५०० आणि १,२०,००० यांतला फरक ठरवतो. अनुदान बँक खात्यात जमा होते, त्यामुळे भाडेकरूचे सामान भिजले तर पंचनाम्यावर त्याचेच नाव असायला हवे. घरमालकाच्या नावाने झालेला पंचनामा नंतर बदलून घेणे जिकिरीचे असते.

पुनर्विकासातून खर्च : जुन्या इमारतींच्या बाबतीत प्रत्यक्ष पैसा वाढीव एफएसआयमधून, म्हणजे त्याच भूखंडावर जादा बांधकामाला मिळणाऱ्या परवानगीतून येतो. जादा बांधलेल्या सदनिका विकून विकासक जुन्या रहिवाशांची घरे उभारतो. अनेक इमारतींचा एकत्र पुनर्विकास करणारी ठाण्याची क्लस्टर योजना याच गणितावर उभी आहे; किसननगरात तिचे काम सिडकोने हाती घेतले. अतिधोकादायक ठरलेली ‘सी-१’ वर्गातील इमारत रिकामी केली जाते, परंतु नवी कधी उभी राहील हे विक्रीभावावर अवलंबून असते. नौपाड्यात गणित जुळते; दिव्यात, जिथे घरांचे भाव कमी आणि धोका जास्त, तिथे विकासक फिरकत नाही. शिवाय या मार्गाने त्याच सखल जागी पूर्वीपेक्षा जास्त लोक राहायला येतात.

पूररेषा व जबाबदारी : जलसंपदा विभाग नदीकाठी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतो. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम निषिद्ध असते. तिथल्या जुन्या अधिकृत इमारतींचा पुनर्विकास करायचा तर जोते (इमारतीचा चौथरा) लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच घ्यावे लागते आणि जलसंपदा विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. जुलै २०१९ मध्ये उल्हासच्या पुरात वांगणी-बदलापूरदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, त्या पट्ट्यातही गृहसंकुले उभी राहिली आहेत.

ब्रिटनने २०१६ मध्ये ‘फ्लड री’ योजनेतून पुराच्या विम्याचा हप्ता सर्व घरविमाधारकांत वाटला, पण १ जानेवारी २००९ नंतर बांधलेली घरे तीतून वगळली, म्हणजे पूरक्षेत्रात नवे घर बांधणाऱ्याचा भार इतरांवर पडू नये. अमेरिकेत १९६८ पासून चालणाऱ्या सरकारी पूरविम्यात नवी घरे अशी सरसकट वगळलेली नव्हती. २०१७ मध्ये तिथल्या संसदेला त्याचे १६ अब्ज डॉलरचे कर्ज माफ करावे लागले. महाराष्ट्रात पूरक्षेत्रातील बांधकामाला परवानगी देणाऱ्या यंत्रणेला किंवा इमारत विकून मोकळ्या झालेल्या विकासकाला पुरानंतरच्या खर्चाचा ठरावीक वाटा उचलायला लावणारी तरतूद नाही. परवानगीच्या वेळीच विकास शुल्कातून धोक्याचा निधी कापून ठेवला, तर हा खर्च फ्लॅटच्या किमतीत आधीच दिसेल.